तिसरी खुंटी

एकसष्टाव्या वर्षी तिखुंटी सुतार परक्यांच्या घरात शिरून टेबलांखाली आडवे व्हायला लागले, तेव्हा त्यांच्या लेकीने कपाळावर हात मारून घेतला. गाडी तीच चालवत होती.

"बाबा, आधी ओळख तरी सांगत जा हो! त्या बाईंना वाटलं, तुम्हाला चक्कर आली."

"ओळख सांगितली की चहा होतो, चहात तास जातो," सुतारांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली. "चल, पुढचं गाव!"

तिखुंटी हे नाव कारखान्यातल्या सोबत्यांनी ठेवलेलं. लाकडाच्या सांध्याला दोन खुंट्या पुरतात, हे कालचा शिकाऊही सांगेल. पण हे गृहस्थ तिसरी ठोकणारच, आणि तीही किंचित तिरपी. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आजोबांनी वडिलांना तसं शिकवलं, वडिलांनी त्यांना. हयातभर चेष्टा सोसली, पण खुंटी सोडली नाही.

हे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी डोंगरापलीकडे कामाला गेले, ते परतलेच नाहीत. त्यांची मुलगी, म्हणजे सुतारांची आत्या, तेव्हा पाच वर्षांची होती. आपल्या मापाची खुर्ची हवी म्हणून आदल्या दिवशी तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. "माझ्या कटकटीला कंटाळून गेला रे," असं ती जन्मभर म्हणत आली, आणि आता अंथरुणाला खिळल्यावर तर तिला दुसरा विषयच सुचेना. सुतारांना ते ऐकवेना. आजोबांचा ना फोटो होता ना पत्ता. पण खुंट्या तर असतील! म्हणून चार दिवस डोंगरापलीकडची गावं पालथी घालणं चाललं होतं.

पाचव्या दिवशी, एका गावच्या सभागृहाच्या दारापाशी सुतार जे ओरडले, ते ऐकून लेक चप्पल न घालताच गाडीतून धावत आली.

"तीन! अगं तीन आहेत! आणि तिसरी बघ, तिरपी!"

साठीचे सुतार दाराला मिठी मारून नाचायचेच काय ते बाकी होते. गलका ऐकून शेजारच्या म्हातारबाई सभागृहाची किल्ली घेऊन आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या,

"हे दार करणारा सुतार इथेच गेला हो. छपराची तुळई चढवताना पडला. त्याचं गाव कुणालाच धड ठाऊक नव्हतं, कळवणार कुणाला? माझ्या सासूबाईंकडे जेवायला असायचा." सुतारांनी दाराला हात जोडले. बाई म्हणाल्या, "थांबा, त्याची एक वस्तू आहे माझ्याकडे."

बाईंनी आणली ती लहानशी खुर्ची. तिच्यावर कुंडीचा गोल डाग होता.

"कुंडी मी ठेवली, माफ करा. सासूबाई कुणाला बसू देत नसत. काम आटोपलं की तो हिच्यामागे लागायचा म्हणे. लेकीनं हट्ट धरलाय, खुर्ची घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, असं सांगायचा."

सुतारांनी खुर्ची उलटी केली. सगळ्या सांध्यांत तीन-तीन खुंट्या होत्या. शेवटच्या सांध्यात मात्र दोनच, आणि तिसरं भोक रिकामं. "न्या हो, जिची तिला द्या," बाई म्हणाल्या, आणि सुतार डोळे पुसत गाडीकडे धावले. परतीच्या वाटेवर मांडीवर फडकं पसरून ते खुंटी तासत बसले, आणि लेकीला सारखं म्हणत राहिले, "अगं, गाडी जरा जोरात घे की!"

आत्याला उशांच्या आधाराने बसवलं. सुतारांनी सगळं सांगितलं आणि खुर्ची तिच्या मांडीवर ठेवली. ती कितीतरी वेळ खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे परत येणार होता?"

"येणारच होते, आत्या. एवढी एक खुंटी राहिली होती."

सुतारांनी खुंटी भोकात बसवली, किंचित तिरपी, आणि हातोडी उचलली.

"आण ती हातोडी इकडे," आत्याने हात पुढे केला. "खुर्ची माझी आहे."