उन्हात ठेवलेला कॉम्प्युटर

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून वापरायचा मला नाद आहे. शेजारच्या काकांनी माळ्यावरचा त्यांचा कॉम्प्युटर दुरुस्तीला आणून दिला. काकू त्यावर शिकवणीचे पेपर टाइप करायच्या. त्या गेल्यापासून तो बंदच होता. मी तो चालू केला. वर पिवळं पडलेलं प्लास्टिक पिवळेपणा घालवायचं औषध चोपडून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं. दुधासारखं पांढरं झालं.

काका बघायला आले. पडदा उजळला, तरी ते उजव्या कोपऱ्यावर अंगठाच फिरवत राहिले.

"छान केलंस," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "इथे हिची बोटं होती. दर दसऱ्याला हळद-कुंकू लावायची."

हळदीचा डाग उन्हाने जातो, हे कुणीही सांगितलं असतं. मला मात्र पिवळं तेवढं सगळं घाण वाटलं. गेलेलं माणूस घरात नेमकं कुठे उरलंय, हे बाहेरच्याला कसं दिसणार? तो पुसत सुटतो.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला काकांकडे गेलो. कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यावर हळद-कुंकवाची ताजी बोटं उमटली होती. जरा जाडच होती.