आत्तीचा नवस आणि दादाची दिल्ली

आधी कबूल करतो. आत्तीला फोन मीच केलता. तोंडावर रुमाल धरून, फौजेचा साहेब बनून. "माताजी, आपके लडके का नाम कट गया. वो बाहर नहीं जायेगा." इथवर झ्याक जमलंतं. फोन ठेवताना सवयीनं तोंडातनं गेलं, "और चंद्री व्याली क्या?" चंद्री म्हंजे आत्तीची म्हैस.

आत्ती माझ्या वडलांची बहीण, ऱ्हाती गारगोटीच्या अलीकडं एका वाडीत. तिचा पोरगा संतादादा फौजेत. आफ्रिकेत शांतिसेनेवर जायाला त्याचं नाव लागलं, तवापास्नं बाईनं जेवणच टाकलंतं. म्हटलं गंमत करू, चार घास खाईल. तर तिनं वाडीभर साखर वाटली, जोतिबाचा नवस फेडायचं काढलं, आणि डायवर म्हणून मलाच बोलावलं!

मित्राची व्हॅन घेऊन सकाळी शिवाजी पेठेतनं निघालो. जाणार असाल तर रविवार टाळा, जोतिबाच्या डोंगरावर गाडी लावाय जागा मिळत न्हाय. मुदाळ तिट्ट्यावर चहा-भजी खाल्ली. पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत वाडी गाठली आणि आत्तीला आणि सुट्टीवर आलेल्या दादाला घेऊन माघारी फिरलो.

आत्ती मागच्या शीटवर पदर तोंडावर घेऊन झोपली. मी हळूच दादाला सगळं सांगितलं.

"व्हय रं मुडद्या, त्यो तू हुतास? युनिटला विचारलं तर नाव तसंच हाय! परवा निघायचंय मला. आता आईला काय सांगू?"

"पण दादा, त्यांच्या भांडणात आपला देश कशाला पडतोय?"

"पेठेत फुटबॉलच्या मॅचमधी दोन तालमींची पोरं भिडली की मधी कोण हुबं ऱ्हातंय?"

"आमची तालीम."

"का? मार खाय हौस हाय?"

"तसं न्हवं. दुसऱ्या दिवशी बैठकीत आमच्या शब्दाला वजन असतंय. आणि भांडण आमच्या गल्लीत शिरत न्हाय."

"देशाचंबी तेच की. जगाच्या बैठकीत बोलाय तोंड ऱ्हातंय. दुसऱ्या फौजांबरोबर काम शिकाय मिळतंय. कोण देश मिळणाऱ्या पैशासाठी पोरं धाडतोय, कोण पैसं देऊन पोरं घरात ठेवतोय. शेजारचा येतोय, कारण धूर त्याच्याच घरात जातोय."

"आणि तू?"

तो खिडकीतनं बघत म्हणाला, "तिथं बाया पाण्याला निघाल्या तर संगट फौज लागती म्हणं. कुणीतरी जायाला पायजे की."

ठरलं. आईला सांगायचं, दिल्लीत ट्रेनिंग हाय.

जोतिबाला पोचलो. नवी कापडं घालून जाऊ नगा, गुलाल निघत न्हाय. दादा चपला ठेवाय गेला. आत्ती गुलाल-खोबरं घ्यायला दुकानात थांबली. दुकानदार म्हणाला, "मावशी, नवस फेडाय आलासा?"

"न्हाय बाबा. नवस बोलाय आलोय."

तिनं माझा कान धरला. "साहेब लोक चंद्रीची चौकशी करत्यात व्हय रं?"

"मग साखर कशाला वाटलीस?"

"मी रडत बसलो तर त्यो हसत जाईल व्हय? आणि गाडीत मी झोपलो न्हवतो. देशाला वजन यिऊ दे बाबा. माझं पोरगं तेवढं धड माघारी यिऊ दे, हे बोलाय आलोय. त्याला सांगू नगंस. दिल्ली तर दिल्ली."

तेवढ्यात दादा आला. "चांगभलं!" म्हणत तिनं असला गुलाल उधळला, की कुणाचं डोळं कशानं लाल झालं काय कळंना.

येताना पेठेत मिसळ हाणली. पेट्रोल दादानं भरलं, शिव्या मी खाल्ल्या. एवढाच खर्च.

आता दादा तिकडं हाय. फोन लागला की आत्ती विचारती, "दिल्लीत डास लई हायत न्हवं? तापाच्या गोळ्या घेतोस का?" तो म्हणतोय, "घेतो की. आई, दिल्लीत ऊन लई हाय बघ." आणि मी मधी बसून दोघांकडचं ऐकतोय, हूं का चूं न्हाय.

तवा पाया पडतो, पावणं. वाचलंसा तेवढं पोटात ठेवा. आत्तीला सांगू नगा, दादाला तर न्हाईच न्हाई. त्यो धड माघारी येईस्तोवर तरी कुणाला बोलू नगा.