पन्नास किलोचे व्याही

जीप उलटी पडली होती, माझा पाय सीटखाली चेंगरला होता, डोळे आपोआप मिटत होते आणि माझे व्याही म्हणत होते, "विहीणबाई, झोपू नका. आन् तुमचा पहिला नंबर साफ चुकीचा हाय."

असा हट्टी माणूस दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नाही, हे मी चौथीपर्यंत शिकलेली बाई छातीठोकपणे लिहिते. आमचा वाद एकच, पंचवीस वर्षं तोच. जगातला सगळ्यात मोठा बॉक्सर कोण? हलके, मध्यम, जड, सगळ्या गटांतले गडी एका ओळीत उभे करायचे आणि नंबर लावायचे. त्यांच्या वहीत पहिला होता एक्कावन्न किलोचा एक परदेशी गडी. का, तर सगळ्यांचं वजन सारखं धरलं तर तो कुणालाही फोडील. मी म्हणायची, वजन सारखं धरायला त्या काय कांद्याच्या गोण्या आहेत? जो कुणालाही आडवा करील तो पहिला, म्हणजे नव्वद किलोच्या वरचा, जड गटातला. "मग बैल पहिला म्हणा की!" ते ओरडायचे. मी म्हणायची, "व्हय, बैलच पहिला. जाऊन हात मिळवा त्याच्याशी."

माझ्या मुलीला मागणी घालायला आले तेव्हा नाव, शिक्षण राहिलं बाजूला. व्याह्यांनी विचारलं, "पोरगी किती किलोची?" माझे भाऊ तटकन उठले. मीच त्यांना खाली बसवलं, कारण माणूस वेडा असला तरी लबाड दिसत नव्हता. यवतच्या हॉटेलात ते प्लेटा मांडून गट पाडायचे. कांदाभजी हलका गट, बटाटावडा जड गट, आणि निकाल लागेपर्यंत कुणाला घास घेऊ द्यायचे नाहीत. वडे गारढोण व्हायचे. एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत गप्प बसलेले असताना व्याह्यांनी मयताच्या भावाला विचारलं, "तुमचं मत काय? एक्कावन्न का नव्वद?" भाऊ डोळे पुसत म्हणाला, "नव्वद." कावळा शिवून उडाला तरी व्याही त्याला समजावतच होते.

रेल्वेत फिटर होते. तरुणपणी तीन लढती खेळले आणि तिन्ही हरले. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "समोरचा दोन किलोनं जड हुता." भिजलेल्या कपड्यांसकट पन्नास किलोचा माणूस. वहीत पहिल्या नंबरावर खरं कोण बसलंय हे मला कळत होतं. पण म्हणून मी मान डोलावणार नव्हते.

इनामगावला माझे वडील जत्रेच्या कुस्त्यांना पंच असत. तिथं वजनाचा काटा नसायचा. दोन गडी समोरासमोर उभे करायचे, मान, खांदे, मांड्या नजरेनं जोखायच्या आणि जोड शोभली की दोघांचे हात धरून वर करायचे. आम्ही पोरी लांब छपरावरून बघायचो. वडील म्हणायचे, ज्यांची जोड लागत नाही त्यांच्यात लहानमोठा ठरवू नये. खरं तर माझंही मत हेच. पण ते सांगितलं असतं तर वाद तिथंच संपला असता, म्हणून मी बैल धरून बसले.

त्या दिवशी यवतचा साखरपुडा उरकून भर दुपारी आम्ही दौंडला निघालो. भांडगाव मागं पडलं आणि टायर फुटला. जीप रस्ता सोडून शेतात उलटली. गाडी व्याह्यांचा पुतण्या चालवत होता. तो फुटलेल्या काचेतून निघाला आणि माणसं आणायला धावला. आत आम्ही दोघं, मध्ये मोडकी सीट. ते मला दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

"सांगा, तुमच्या त्या धिप्पाडाचे पाय माझ्या गड्यापुढं टिकतील का?"

"पाय कशाला टिकाय पायजेत? एक ठोसा बास."

"लागला तर ना! लागंल कवा?"

माझी शुद्ध हरपायला लागली की ते काहीतरी इतकं अन्यायाचं बोलत की उत्तर देणं भागच पडे. मग त्यांचा आवाज बारीक झाला. फटीतून एक हात आला. "हात द्या, विहीणबाई." व्याह्यानं विहिणीच्या हाताला हात लावायची आमच्यात रीत नाही. मी धरला. गार होता. आता त्यांना जागं ठेवायची पाळी माझी होती.

"पाव्हणं, ऐकताय का? मानलं मी. तुमचा एक्कावन्नवाला पहिला."

मग सीटपलीकडून आलं, "खोटं बोलू नका. कीव करून दिलेला नंबर नको मला. भांडा."

"मग बैल पहिला!" मी ओरडले.

माझा हात एकदा दाबला गेला.

वही मुलीनं मला आणून दिली. पहिल्या नंबरावर अजून तोच गडी आहे. मी खोडला नाही आणि मानलाही नाही. हा वाद आता मी दुसऱ्या कुणाशी घालत नाही. जोड लागत नाही.

त्या जीपमधून पुतण्या वाचला आणि मी वाचले.