लहान दांडा

सात वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या शनिवारी, साठ हजारांचे यंत्र घेताना मालवणच्या दुकानात आम्ही तिघे होतो: मी, पर्यटकांना फिरवणाऱ्या माझ्या शिडाच्या होडीचे म्हातारे तांडेल आणि दुकानदार. सुकाणू आपोआप धरणारा तो यांत्रिक दांडा तांडेलांच्या दुखऱ्या खांद्यासाठीच घ्यायचा होता. लहान साठ हजारांना, मोठा नव्वदला. कागदावर होडीचे वजन दोन टन होते आणि लहान दांडा अडीच टनांपर्यंत चालत होता. तांडेल म्हणाले, "कागदार होडी रिकामी आसा. धा माणसां बसली काय पाणी खंयसर येता, ता कधी बघलंस?" मी दुकानदाराकडे पाहून हसलो. "तुमी सुकाणू धरा, हिशेब माका करूक देवा." दुकानदारही हसला. पंधरा दिवसांनी भरल्या होडीने वेंगुर्ल्याहून परतताना मागून लाटा येऊ लागल्या, दांडा घरघरला आणि करपलेल्या तारेचा वास सुटला. तांडेलांनी तो काढून बाजूला ठेवला आणि त्याच खांद्याच्या जोरावर तीन तास होडी हाकली. धक्क्यावर सदऱ्याचे बटण त्यांना लावता येईना. परवा घरचा मिक्सर जळला, तेव्हा तोच वास आला आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर निघून गेलो. मोठ्या दांड्याचे नव्वद हजार मी त्या फेरीनंतर त्याच आठवड्यात दुकानदाराला दिले होते. तांडेलांना दिले ते त्या दिवसाचे नेहमीचे आठशे, आणि माफीचा शब्द आजवर दिलेला नाही.