बशीरभाईंची दहा गाणी

"बंद करा! बंद करा ते!" बशीरभाई स्टेजवरून थेट माझ्या मिक्सरकडं धावत आले. तिसरं गाणं नुकतंच सुरू झालं होतं. मी घाबरून आधी वायरी चाचपल्या.

गेवराईत माझा साऊंड सिस्टिमचा धंदा आहे. त्याआधी कॅसेटचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात बशीरभाई चकलांबा-गेवराई जीप चालवायचे आणि रुबीनाभाभी त्याच जीपनं कॉलेजला यायच्या. जीपमध्ये कॅसेट एकच, माझ्या दुकानात भरलेली. गाणी दहा. सगळं दशक त्या दहा गाण्यांवर निघालं, लग्नही त्यातच जमलं. आता लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून पाहुण्यांसमोर बशीरभाईंना तीच गाणी बायकोला ऐकवायची होती. कॅसेट प्लेअरनं कधीच चावून टाकलेली, पण यादी त्यांना पाठ. मी दहाही गाणी नव्यानं मिळवली. एकदम स्वच्छ, खणखणीत. स्वतःवर लई खूष होतो.

"काय झालं बशीरभाई? आवाज फाटतोय?"

"आवाज भारी हाय. पर तुमची भाभी इचारती, ही कुणाची गाणी लावली?"

स्टेजवर भाभी हाताची घडी घालून बसल्या होत्या. चेहरा असा, की आता उठून घरी जातील.

"अहो, तुमच्याच यादीतली आहेत!"

"मग मधी तुमी काहून न्हाईत?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दुकानदारानं माझ्या कॅसेटची नक्कल करू नये, म्हणून दर दोन गाण्यांमध्ये मी स्वतःचा आवाज भरायचो: "कॅसेट भरून मिळेल! बसस्टँडसमोर, गेवराई! नकलेपासून सावधान!" मी स्वतः कशावरून भरायचो, ते विचारू नका.

आता माईक घेण्यावाचून इलाज नव्हता. पुढचं गाणं संपलं आणि पन्नाशीतल्या घोगऱ्या आवाजात मी दोनशे माणसांसमोर बंद पडलेल्या दुकानाची जाहिरात केली. त्याच्या पुढच्या वेळी त्या जीपचे जुने पॅसेंजर खुर्च्यांवरून ओरडले, "नकलेपासून सावधान!" भाभींची घडी सुटली.

दहावं गाणं लागलं तशा भाभी स्वतः खाली उतरून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे पुरं वाजवू नका. तुमच्या टेपात बसलंच नव्हतं."

साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. टेप संपली, की गाणं असेल तिथं तुटायचं. मी तेव्हा गाणी मोजायचो, मिनिटं नाही.

दुसऱ्या कडव्यात भाभींनी बोट वर केलं. "आता!"

मी बटण खाली ओढलं. सगळं शांत. चकलांब्याच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गेवराईच्या लोकांना वाटलं, लाईट गेली. बशीरभाई डोळे पुसत म्हणाले, "बराबर हितंच संपतंय."

तेव्हापासून एक नियम केला आहे. आपलं जुनं चुकलेलं काम दुरुस्त करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं. त्यानं ते पाठ केलेलं असतं.