दुकान माझ्या नावावर

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची एक जुडी वरकड टाकली तरी ती उलटून बघते, आत काय सडलंय म्हणून. त्यामुळं एका संध्याकाळी नवरा कामावरून येऊन म्हणाला, "तुझे गोंडे इंटरनेटवर विकू," तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं, "ह्यात कुणाचा काय फायदा?"

गोंडे म्हणजे बैलांच्या शिंगांना बांधायचे लोकरीचे गोंडे. माझं माहेर घनसावंगीकडचं. वडील पोळ्याच्या बाजारात बैलांचा साज विकायचे आणि त्यातले गोंडे मी करायची. गिऱ्हाईक माझं नाव घेऊन मागायचं, "अमकीच्या हातचे हायेत का? मंग द्या." पुढं लग्न झालं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं आणि जुनं माहेरीच राहिलं. आमच्याकडं बायांचं असंच असतं, त्यात कुणाला नवल वाटत नाही. जालन्याला आल्यावरही मी गोंडे करतच होते, पण ते दुकानदाराच्या नावानं खपायचे. बैल कमी झाले तसा दुकानदारही माल घेईनासा झाला. शहरातले लोक मात्र आता असले गोंडे दाराला टांगतात, असं नवऱ्यानं एमआयडीसीत, त्याच्या बियाण्याच्या प्लांटवर ऐकलं होतं.

त्याच्या ओळखीचा एक कॉम्प्युटरवाला होता. त्याच्या दुकानात जाऊन बसलो. त्यानं पहिल्यांदा एक मोठा ऑनलाइन बाजार दाखवला. नाव नोंदवायला पैसा नाही, माल विकला की तेवढा हिस्सा कापून घेणार.

"फुकट?" मी म्हटलं. "फुकट तर कुणी बारशालाही बोलवत न्हाई."

बघितलं तर तिथं हजार जणांचा माल एका पानावर आणि विकणाऱ्याचं नाव मुंगीएवढं. वर ते नाव बँकेतल्या नावाशी जुळायला पाहिजे. मला ते पटलं नाही.

मग तो म्हणाला, "वहिनी, मीच वेबसाइट बनवून देतो. फक्त ती माझ्या नावावर घेतो, तुम्हाला कटकट नको."

इथं पाणी मुरत होतं. "आणि उद्या तुमचं-आमचं बिनसलं तर दुकान कुणाच्या घरी जाणार?"

"वहिनी, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या," तो हसला. नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं आणि चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर सटकला. ओळखीच्या माणसाला असं तोंडावर विचारायचं म्हणजे नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिसरी जागा इंटरनेटवरच्याच तयार दुकानाची होती. महिन्याचं भाडं भरायचं, दुकान आपण मांडायचं. भाडं मला कळतं. भाडं घेणारा भाड्यापुरताच लबाड असतो. तरी सगळ्या अटी मी कॉम्प्युटरवाल्याला दोनदा वाचायला लावल्या. मग पडद्यावर एक चौकोन आला : दुकान चालवणाऱ्याचं नाव.

"हे गिऱ्हाईकाला दिसतं?"

"ठळक दिसतं."

"बँकेतल्यासारखंच लागतं?"

"इथं न्हाई. इथं कुठलंबी चालतं."

मी की-बोर्ड माझ्याकडं ओढला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, माझं माहेरचं नाव टाकलं आणि पुढं वडिलांचं आडनाव. कॉम्प्युटरवाला पडद्याकडं बघत म्हणाला, "हे कुणाचं?"

"माझं."

"मंग रेशनकार्डावरचं?"

"तेही माझंच."

आता संशयानं बघायची पाळी त्याची होती. बघू दे. अगं बाई, किती वर्षांनी मी ते नाव लिहिलं होतं! मला इतका आनंद झाला की चहा गार झाल्याचंही कळलं नाही.

परत येताना नवऱ्यानं विचारलं, "कुणाच्या नावावर केलं मंग?"

"माझ्या."

"बराबर केलं," तो म्हणाला.

घरात मोबाइल एकच होता, त्याचा. त्याचाच नंबर दुकानावर दिला होता. मी त्याला बजावून ठेवलं की अनोळखी फोन आला तर घरातलं काही सांगायचं नाही, फसवणारे फार झालेत. त्यानं मान डोलावली. माझं ऐकतो तो, ह्यात वाद नाही. पुढं बरेच दिवस एकही ऑर्डर आली नाही. कॉम्प्युटरवाल्यानं दुकान उघडलंच नसेल, अशीही शंका मला येऊन गेली.

एका रविवारी नवरा पेपर वाचत होता, मी समोर लोकर सोडवत होते. फोन वाजला.

"हॅलो... कोण पाहिजे?... न्हाई हो, ह्या नावाचं इथं कुणी न्हाई. बिलकुल न्हाई. राँग नंबर."

त्यानं फोन खाली ठेवला.

"कुणाला मागत होते?" मी विचारलं.

त्यानं माझं नाव सांगितलं. वडिलांच्या आडनावासकट, नीट, एखाद्या परक्या बाईचं सांगावं तसं. मग म्हणाला, "बाई होती कुणीतरी, फार गोड बोलत होती. तूच म्हणतीस ना, असलेच फसवतात?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. चेष्टा करतोय का, मुद्दाम करतोय का, सगळं शोधलं. मला कुणाच्याही चेहऱ्यात लबाडी सापडते, पण त्याच्या चेहऱ्यात त्या दिवशी औषधालाही सापडेना. सापडली असती तर बरं झालं असतं, कडाकडा भांडले तरी असते. माझं माहेरचं नाव त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

मी फोन उचलला आणि शेवटच्या नंबरला लावला.

"अगं, कुणाला लावतीस?" तो म्हणाला.

पलीकडं बाईनं उचलला. "आत्ता तुम्ही फोन केला होता," मी म्हटलं आणि माझं नाव सांगितलं, सबंध. नवऱ्यानं पेपर खाली घेतला.

तिला दाराला लावायला गोंडे पाहिजे होते. पण आधी ती चाचरत म्हणाली, "मघाशी फोनवर कोण होतं? ते तर म्हणाले, इथं अशी कुणी राहतच नाही."

"घरातलेच आहेत," मी म्हटलं. "त्यांना माहीत नव्हतं."