जावक रजिस्टरातली सही

हे मी कुठेच लिहिलेलं नाही. आणि मी न लिहिलेलं फार थोडं आहे. गेली काही वर्षं मोशीपासून आकुर्डीपर्यंत जी पत्रकं तुमच्या हातात कोंबली गेली, स्कूटरच्या हँडलला खोचली गेली, त्यातली बरीचशी माझी. कुणी कुणाचे कागद अडवले, कोण खोटं बोललं, हे सगळं मी ठळक अक्षरांत छापलं. नावासकट छापलं. एक नाव तेवढं राहून गेलं — राहून गेलं कसलं, मीच ठेवलं. ते माझं.

एका वाक्यात सांगता येईल. पण ते वाक्य लिहायला बसले की मी त्याच्या आजूबाजूचीच लिहीत बसते. आजही तेच होणार, दिसतंय.

मोशीच्या पुढे एक संस्था आहे. नाव घालत नाही, आज विषय ती नाही. टांझानिया, सुदान, येमेन इकडून आलेली मुलं तिथे एक वर्षाचा तयारीचा अभ्यासक्रम करतात. इंग्रजी, गणित, इथल्या शिक्षणाची ओळख. वर्ष संपलं की ज्याने त्याने आपापल्या विद्यापीठात जायचं, असा करार. प्रवेश घेतानाच मुलांचे सगळे मूळ दाखले संस्था जमा करून घेते. आणि वर्षअखेरीला मुलं टीसी आणि दाखले मागायला गेली की साहेब बाहेरगावी असतात. आठवडा, दोन आठवडे, महिना. का? कारण याच साहेबांचं तळेगावला पदवी कॉलेज आहे. कागद हातात नसतील तर पोरं दुसरीकडे जातील कशी? आणि कुठेच प्रवेश नसेल तर व्हिसा वाढणार कसा? मुकाट्याने तळेगाव. याला मी तेव्हा पत्रकात दरोडा म्हटलं होतं, आजही म्हणते. शब्द मागे घ्यायला मी हे लिहीत नाहीये.

त्या संस्थेच्या गेटसमोर, चहाच्या टपरीला लागून, दर शुक्रवारी आमच्या संघटनेचं एक घडीचं टेबल लागायचं. अजून लागतं. तिथे आम्ही प्रत्येक नव्या पोराला दोन गोष्टी शिकवायचो. एक — पोच घेतल्याशिवाय कुणाला कागद द्यायचा नाही. दुसरी — आम्हाला अधिकारपत्र सही करून द्यायचं, म्हणजे तुमच्या वतीने ऑफिसात शिरून आम्ही भांडू शकतो, तुमचे कागद ताब्यात घेऊ शकतो. त्या अधिकारपत्राचा मसुदा माझा. फार चांगला मसुदा आहे. सही करणाऱ्याने सही केली की सगळं आमच्या हातात.

रेहेमाने सगळ्यांत आधी सही केली.

रेहेमा टांझानियाची. समुद्रकाठच्या एका गावात तिच्या मावशीचं औषधांचं दुकान आहे, तिला फार्मसी करून तेच चालवायचं होतं. मोठं काही नाही, तेवढंच. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यासमोर मेडिकलची रांग आहे ना, तिथे ती उगाच उभी राहायची, बोर्ड वाचत. आमच्या घरी आली की आधी माझ्या वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट उचलायची आणि मागचं बारीक अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. माझी आई धाराशिवची. तिला मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा करून खाणारी मुलगी बघून फार मौज वाटायची. "अगं, ही तर उकडच झाली. एवढ्या लांबून आली आणि खाते आपलंच," म्हणायची.

मराठी ती आमच्या पत्रकांवर शिकली. ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर. त्यामुळे तिची पहिली मराठी वाक्यं अशी होती : "जाहीर निषेध", "त्वरित कारवाई करा". पिंपरी कॅम्पात भाजीवालीला ती म्हणाली, "मावशी, भाव त्वरित कमी करा." भाजीवालीने हसत हसत केला.

तर तिला पुण्यातल्या विद्यापीठात फार्मसीचा प्रवेश मिळाला होता. मूळ कागद दाखवायची शेवटची तारीख — बुधवार. बाकीची अकरा मुलं नाशिक, हैदराबाद, बंगळूरला जाणार होती, त्यांच्या तारखा पुढच्या होत्या. आम्ही सगळ्यांसाठी मिळून गेटवर धरणं ठरवलं, मंगळवारचं. पोलिसांची परवानगी गुरुवारची मिळाली. पत्रकं तोपर्यंत छापून झाली होती. वर फोटो रेहेमाचा — मी निवडलेला. खाली मथळा, 'बारा मुलांचं वर्ष कुणाच्या कपाटात?' मथळाही माझाच.

सोमवारी दुपारी संस्थेतून फोन आला. ऑफिसातले शेलारकाका. चिखलीचे जुने गाववाले, निवृत्तीला आलेले. मी गेले. रेहेमा त्या दिवशी पुण्याला, परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ऑफिसात होती. काकांनी ड्रॉवरमधून एक खाकी पाकीट काढलं.

"सायबानं सोडलं बग. तुज्या त्या रेहेमाचं हाय. टीसी, मार्कलिस्टा, समदं."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं न्हाई. तिचाच फोटू छापलाय न्हवं तुमी?" ते हसले. "घे आन सही कर हितं. आमी बी पोच घेतो बाई, तुमीच शिकवलंय."

मी जावक रजिस्टरात सही केली. तारीख घातली. पाकीट पिशवीत टाकलं. टीसीवरची तारीख महिन्याभरापूर्वीची होती — म्हणजे कागद कधीचेच तयार होते. नुसते दाबून ठेवले होते.

इथून बुधवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे दोन दिवस होते. मोशीहून विद्यापीठ, बस धरून, कितीही गर्दी असली तरी दोन तास.

मी ते पाकीट दिलं नाही.

हेच ते वाक्य. आता पुढचं सोपं जाईल वाटलं होतं. जात नाही.

का नाही दिलं? माझे वडील चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबायच्या मशीनवर. मी शाळेत असताना त्यांच्या कंपनीत गेटवर बसायचं ठरलं होतं, आणि आदल्या दिवशी मॅनेजमेंटने दोघांना पर्मनंट केलं. दोघंच. सकाळी गेटवर कुणी आलंच नाही — प्रत्येकाला वाटलं, पुढचा नंबर आपला. वडील ती गोष्ट अजून सांगतात, जेवताना, ताटाकडे बघत. ती ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे खाकी पाकीट बघताच मला तो डाव दिसला : फोटोतल्या मुलीचे कागद सोडा, फोटोच खोटा पाडा, धरणं आपोआप बसेल. आणि तो डाव होताच. मी चुकीचं ओळखलं नव्हतं. पण डाव ओळखला म्हणून दुसऱ्याचा दाखला आपल्या कपाटावर ठेवायचा असतो का? साहेबांच्या कपाटातून निघाला तो माझ्या कपाटावर आला. कपाट तेवढं बदललं.

दुसरंही एक होतं. मुदतवाढ. आपल्याकडे कुठली तारीख शेवटची असते, सांगा? अर्ज भरायची मुदत वाढते, फीची वाढते, कागद तपासायची वाढते. इतक्या वर्षांत मी एकही शेवटची तारीख शेवटची राहिलेली पाहिली नव्हती. आम्हा कार्यकर्त्यांचं अर्धं नियोजन त्या न आलेल्या मुदतवाढीवर चालतं. मी धरूनच चालले होते.

मंगळवारी संध्याकाळी रेहेमा आमच्या घरी आली, भाषणाची तयारी करायला. एकच वाक्य होतं — "आमचे कागद आम्हाला द्या." कपाटाला टेकून उभी राहून तिने ते वीसेक वेळा म्हटलं. 'आम्हाला'मधला ळा काही जमेना. पाकीट त्याच कपाटावर होतं, झेंड्यांच्या पिशवीत, तिच्या डोक्याच्या हातभर वर. मध्येच ती थांबली.

"ताई, काही कळलं? उद्या शेवटचा दिवस आहे."

"नाही," मी म्हटलं. "काळजी करू नको. मुदतवाढ मिळते. इथे नेहमी मिळते."

ती हसली, आणि परत म्हणायला लागली. आमचे कागद आम्हाला द्या.

गुरुवारचं धरणं जोरात झालं. खोटं कशाला बोलू — आमच्या टेबलाच्या इतिहासात तसं झालं नव्हतं. रेहेमा पुढे बसली होती, तिच्या वाक्याला टाळ्या पडल्या. सकाळीच विद्यापीठाची सूचना आली होती, कागद तपासणीला आठवडाभर मुदतवाढ. मी माईकवर वाचून दाखवली, जिंकल्यासारखी. पहिल्या दोन ओळी वाचल्या. उरलेलं कोण वाचतं? रेहेमाने वाचलं. मोबाइल डोळ्यांजवळ धरून, बोटाने एकेक ओळ सरकवत, तळापर्यंत. मग तो माझ्यासमोर धरला. शेवटची ओळ होती : परदेशी विद्यार्थ्यांना ही मुदतवाढ लागू नाही.

संध्याकाळी साहेब नमले. अकरा मुलांचे कागद गेटवर मिळाले. शुक्रवारी सकाळी टेबलावर मी रेहेमाला तिचं पाकीट दिलं. म्हटलं, "तुझं रात्री उशिरा सोडलं." तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. म्हणाली, "ताई, तू लढलीस."

मी मान हलवली. हो म्हणून.

विद्यापीठात आम्ही चार वेळा गेलो. जागा पुढच्याला गेली होती. व्हिसा संपत आला होता, प्रवेश कुठेतरी दाखवायलाच हवा होता. कुठे दाखवला असेल? तळेगाव. त्याच साहेबांच्या कॉलेजात, बीबीए. ज्या सापळ्याविरुद्ध मी मथळे लिहिले, त्यात बाराजणांपैकी एकटी तीच गेली. तिला तिथे साहेबांनी नाही नेलं.

आमचा नितीन, संघटनेतला, त्याला मागच्या आठवड्यात हे सगळं सांगितलं. त्याने चहाचा ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाला, "छापू नको राव. ते लोक हा कागद नाचवतील." नाचवू देत. त्यांनी महिनाभर अडवले, मी चार दिवस — नाही, हे वाक्य खोडायला हवं. तुलना करायची नाही असं ठरवून बसले होते. खोडत नाही, राहू दे. मी कशी आहे ते दिसेल. तो असंही म्हणाला, की अकराजण सुटले ना? सुटले. धरणं झालं नसतं तर ते सुटले नसते? कदाचित नसते. पण रेहेमाला पाकीट मिळालं असतं तर धरणं झालं नसतं, हे कुणी सांगितलं? मी तिला सोमवारीच दिलं असतं, ती बुधवारी विद्यापीठात जाऊन आली असती, आणि गुरुवारी दहा वाजता गेटवर पहिल्या रांगेत बसली असती. बाकीच्यांसाठी. हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्या मुलीने डोळे झाकून माझ्या मसुद्यावर सही केली, तिला मी विचारलंसुद्धा नाही. एकजूट एकजूट म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचं, आणि एका माणसावर तेवढा विश्वास टाकायचा नाही — याला काय म्हणतात? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शब्द शोधत बसले नसते.

आणि कृपा करून कुणी मला सांगू नका की तिचं काही बिघडलं नाही. बीबीए वाईट नसतं, ती हुशार आहे, कुठेही चमकेल. चमकते आहेच. तिला औषधं द्यायची होती. वडिलांच्या गोळ्यांचं पाकीट ती अजून उचलते, मागचं वाचते, आणि खाली ठेवते.

आज आमचं टेबल रेहेमाच चालवते. नव्या मुलांना स्वाहिलीत, अरबीत, मराठीत दटावते : पोच घ्या. माझ्याबद्दल सांगते, ही ताई आमच्यासाठी लढली. मी शेजारी बसून पत्रकांच्या घड्या घालते.

शेलारकाका निवृत्त झाले. सोमवारी पाकीट नेलेली मी गुरुवारी त्याच मुलीला घेऊन गेटवर कशी, हा हिशोब त्यांनी कधी केला की नाही, माहीत नाही. रजिस्टर तिथेच आहे, लोखंडी मांडणीवर, खालून दुसऱ्या कप्प्यात. कुणीही उघडावं. कुणी उघडत नाही, कारण कागद अडवणारे आत बसतात, अशी सगळ्यांची खात्री आहे. ती मीच करून दिली आहे.

हे आमच्या वार्षिक अंकात जाईल. आमच्याकडे छापायला जाणारी प्रत्येक गोष्ट आधी रेहेमा वाचते. ऱ्हस्व-दीर्घ आता ती माझ्यापेक्षा बरं बघते. शुक्रवारी सकाळी टेबलावर हा कागद तिच्या हातात देणार आहे. ती बोट ठेवून वाचेल, सावकाश, तळापर्यंत. तोवर मी समोर उभी असेन. शेवटची ओळ तिच्यासाठी आहे, म्हणून ती तळाशी ठेवली आहे :

पाकीट मला सोमवारी मिळालं होतं.